सुई आधी स्वतःला टोचणारे हाफकिन

मुंबईला परळ भागात एक मोठी जुनी इमारत आहे. पूर्वी तिथे इंग्रजांचा गव्हर्नर राहत असे. आता तिथे हाफकिन संस्था आहे. हाफकिन हे गावाचे नाव नाही, औषधाचेही नाही. ते एका माणसाचे आडनाव आहे. या माणसाने पटकी आणि प्लेग या दोन भयंकर रोगांवर लस तयार केली, ती आपल्या देशात गावोगाव नेली, आणि दोन्ही वेळा सुई पहिल्यांदा स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यांचे चरित्र मी या अंकात लिहीत आहे.

याला कारण आमच्या वर्गाची प्रश्नपेटी. गुरुजींनी बुटाच्या खोक्याला भोक पाडून ती केली आहे. ज्याला जो प्रश्न पडेल तो त्याने चिठ्ठीवर लिहून आत टाकायचा. या महिन्यात पेटी उघडली तर जास्त चिठ्ठ्या सुईच्याच निघाल्या. अंगात काही दुखणे नसताना सुई कशाला टोचतात? टोचल्यावर ताप का येतो? मोठी माणसंसुद्धा सुईला का भितात? आणि एका घरच्या लेकराला त्रास झाला तर सगळा टोला का मागे फिरतो? शेवटची चिठ्ठी कोणाची ते मला अक्षरावरून कळले, पण नाव सांगायचे नाही असा पेटीचा नियम आहे. हाफकिन साहेबांचे चरित्र वाचताना या चारही चिठ्ठ्यांची उत्तरे वाटेत भेटत गेली.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा शहरात झाला. तेव्हा ते शहर रशियाच्या झारच्या राज्यात होते, आता ते युक्रेन देशात आहे. हाफकिन यांचे घराणे ज्यू धर्माचे. त्या राज्यात ज्यू लोकांना फार छळत. त्यांच्या वस्त्यांवर दंगेखोर चालून जात. विद्यार्थी असताना हाफकिन आपल्या वस्तीचे रक्षण करणाऱ्या तरुणांत सामील झाले आणि त्यांना अटकही झाली. ओडेसाच्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. म्हणजे ते डॉक्टर नव्हते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे डॉक्टर लोकांनीच त्यांना यावरून खूप बोल लावले.

विद्यापीठात त्यांचे गुरू होते मेचनिकोव्ह. या गुरूंचा एक प्रयोग इथे सांगितलाच पाहिजे. समुद्रात तारामासा नावाचा प्राणी असतो. त्याची पिल्ले काचेसारखी आरपार दिसतात. मेचनिकोव्ह यांनी १८८२ साली अशा पिल्लाच्या अंगात बारीक काटा टोचून ठेवला. सकाळी पाहतात तर काट्याभोवती पिल्लाच्या अंगातल्या बारीक पेशी गोळा झालेल्या! जणू गावात परका शिरला आणि लोक भोवती जमले. आपल्या पायात बाभळीचा काटा मोडतो तेव्हा हेच होते. दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. आपण म्हणतो काटा पिकला. खरे पाहता काट्याबरोबर आत गेलेल्या जंतूंना पकडायला आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून आलेल्या असतात, आणि त्या झटापटीचा तो ठणका असतो. सुई टोचल्यावर दंड दुखतो तोही असाच.

हाफकिन हुशार होते, पण ज्यू असल्यामुळे त्यांना प्राध्यापकाची जागा मिळेना. धर्म बदला, मग जागा देतो असे सांगण्यात आले. त्यांनी धर्म बदलला नाही आणि जागाही सोडून दिली. काही वर्षे ओडेसाच्या प्राणिशास्त्राच्या वस्तुसंग्रहालयात काम करून ते देश सोडून गेले आणि १८८९ च्या सुमारास पॅरिसला पोहोचले. तिथे लुई पाश्चर यांची जगप्रसिद्ध संस्था नुकतीच सुरू झाली होती. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर लस काढणारे ते हेच पाश्चर. गुरू मेचनिकोव्हही तिथेच आले होते. पण संस्थेत जागा एकच रिकामी होती, ग्रंथालयात मदतनिसाची. हाफकिन यांनी ती घेतली. दिवसा पुस्तके लावायची आणि मिळेल त्या वेळात प्रयोगशाळेत जंतू पाहायचे. मला हा भाग फार आवडला. कपाटातली पुस्तके पुसणारा माणूस एक दिवस लस काढतो.

आता पहिल्या चिठ्ठीकडे येऊ. अंगात काही नसताना सुई कशाला?

आपल्याकडे धान भरायला लागले की रानडुकरे बांधीत शिरतात. पहिल्या रात्री आपल्याला पत्ता नसतो. सकाळी जाऊन पाहावे तर अर्धी बांधी लोळवलेली. दुसऱ्या रात्री मात्र बाबा माळ्यावर बसतात, टिनाचा डबा आणि टॉर्च घेऊन. डुकरांची वाट कोणती, ती किती वाजता येतात, हे आता माहीत झालेले असते. शरीराचेही असेच आहे. एखादा जंतू पहिल्यांदा आला की शरीराला त्याची ओळख पटायला काही दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत रोग पीक लोळवून मोकळा होतो. एकदा ओळख पटली की पेशी ती ध्यानात ठेवतात आणि तोच जंतू पुन्हा आला तर लगेच तुटून पडतात. पण पहिल्याच खेपेला माणूस दगावला तर ती ओळख काय कामाची? म्हणून शास्त्रज्ञांनी युक्ती काढली. जंतू मारून किंवा दुबळा करून शरीराला आधी दाखवायचा. नुकसान नाही, ओळख मात्र होते. हीच लस. म्हणून ती धडधाकट असतानाच टोचायची असते. डुकरे शेतात शिरल्यावर माळा बांधायला घेऊन काय उपयोग?

हाफकिन यांनी पटकीचा जंतू घेतला. पटकी म्हणजे कॉलरा. पाण्यासारखे जुलाब आणि उलट्या होतात, अंगातले पाणी निघून जाते आणि औषध नसेल तर चांगला उभा माणूस एका दिवसात जातो. हा जंतू घाणेरड्या पाण्यातून पोटात शिरतो. त्यावरची लस त्यांनी प्राण्यांना देऊन पाहिली, प्राणी वाचले. पण माणसाला चालेल का हे कोण सांगणार? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, काही दिवसांत ते बरे झाले. मग त्यांच्या काही रशियन मित्रांनी टोचून घेतली.

आपल्या वरोड्याजवळच्या आनंदवनाचे बाबा आमटे यांनीही कुष्ठरोगाच्या अभ्यासासाठी त्याचे जंतू स्वतःच्या अंगात टोचून घेतले होते. अशी माणसे सगळ्या देशांत थोडी थोडी असतात.

ताप का येतो, ही दुसरी चिठ्ठी. ताप जंतू आणत नाही, तो आपले शरीरच आणते. पेशी कामाला लागल्या की त्या मेंदूला निरोप पाठवतात आणि मेंदू अंगाची उष्णता वाढवतो. उष्ण अंगात पुष्कळ जंतूंची वाढ मंदावते आणि आपल्या पेशी जोरात काम करतात. लसीमध्ये रोग करणारा जिवंत जोमदार जंतू नसतो, तरी शरीराला वाटते की खरा आला, म्हणून ते तयारी करते. एक-दोन दिवसांत ताप उतरतो. सगळ्यांनाच येतो असे नाही. ज्याला आला नाही त्याची लस वाया गेली असेही नाही. ताप फार चढला किंवा उतरलाच नाही तर मात्र आशाताईला सांगावे.

माझ्या लहान बहिणीला दीड महिन्याची सुई दिल्यावर रात्रभर ताप होता. ती इतकी रडली की शेजारच्या घरची माणसे उठून आली. पुढच्या महिन्यात आजीने तिला उपकेंद्रात नेऊ दिले नाही. आजी काही वाईट बाई नाही. तिची दोन लेकरे तापानेच गेली, मग तापाला ती भिणारच. हे मी येथे लिहिले आहे कारण आज घरचे लोक भिंत वाचायला येणार आहेत आणि त्यात आजीही आहे. आजीला मी वाचून दाखवीन.

हाफकिन १८९३ च्या मार्च महिन्यात कलकत्त्याला उतरले. पटकी दरवर्षी जिथे माणसे नेते तिथेच लस खरी की खोटी ते कळणार होते. पण लोक टोचून घ्यायला तयार नव्हते, आणि त्यात नवल काय? परका गोरा माणूस येतो, आपली भाषा त्याला येत नाही, आणि तो धडधाकट माणसाला सुई टोचायची म्हणतो. सरकारी डॉक्टरांनाही हा डॉक्टर नसलेला, रशियाचा माणूस नकोसा होता. मग हाफकिन यांनी चौधरी, घोष, चॅटर्जी, दत्त अशा बंगाली डॉक्टरांना बरोबर घेतले. ते वस्तीत जात, लोकांच्या भाषेत समजावत आणि लोकांसमोर आधी स्वतः टोचून घेत. १८९४ साली कलकत्त्याच्या काट्टल बागान वस्तीत पटकी आली. तिथल्या सुमारे २०० माणसांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. त्यानंतर वस्तीत जे आजारी पडले ते न टोचलेल्यांमधले होते. ही बातमी कोणत्याही सरकारी पत्रकापेक्षा लवकर पसरली. लोक मग रांगेत उभे राहू लागले.

तिसऱ्या चिठ्ठीचे उत्तर अर्धे इथे आहे. मोठी माणसं सुईच्या टोकाला फारशी भीत नाहीत. मोहफूल वेचताना, तेंदूपत्ता तोडताना याहून मोठे काटे रोज टोचतात. भीती असते ती माहीत नसलेल्या गोष्टीची. रानातून जाताना पाचोळा वाजला की आपण आधी दचकतो आणि मग पाहतो की अस्वल आहे की सरडा. हे असेच असायला हवे. आधी पाहून मग दचकणारा माणूस अस्वलाच्या रानात फार दिवस टिकत नाही. भीती आपल्याला वाचवायलाच दिलेली आहे. पण बाटलीत काय आहे ते कोणी सांगितले नाही तर बाटलीही पाचोळ्यासारखीच वाजते. सांगणारा आपला असेल, आपल्या बोलीत सांगत असेल आणि आधी स्वतः टोचून घेत असेल तर भीती कमी होते. पूर्वी रोगाची साथ आली की लोक शिवेवरच्या मातामायजवळ जात. तिथे निदान सगळे एकत्र उभे राहत.

बंगाल, आसामचे चहाचे मळे, उत्तरेकडची गावे असे फिरून हाफकिन यांनी अडीच वर्षांत चाळीस हजारांहून जास्त लोकांना टोचले. या फिरतीत त्यांना हिवताप झाला. आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना हिवताप काय ते सांगायला नको. ते इतके खंगले की १८९५ साली त्यांना परत जावे लागले. पण पुढच्याच वर्षी ते पुन्हा भारतात आले.

आणि त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा ओळखले की हा साधा ताप नव्हे, हा गाठीचा प्लेग आहे. काखेत, जांघेत गाठ येते, जोराचा ताप चढतो आणि बहुतेक रोगी दगावतात. लोक शहर सोडून पळू लागले. गाड्या भरभरून माणसे गेली आणि त्यांच्याबरोबर रोगही बाहेर गेला. पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत होत्या. एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात गेल्या, त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आपल्या वर्गात त्यांचे चित्र आहे.

ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन मुंबईला आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि ओसरी मिळाली. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर प्लेगची लस काढायची होती! प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगला सापडलेला होता. हाताळणाऱ्याला लागण झाली तर वाचण्याची आशा थोडी. हाफकिन पहाटेपासून रात्रीपर्यंत काम करीत.

लस कशी बनवली ते ऐकण्यासारखे आहे, कारण ती आपल्या चुलीजवळची गोष्ट आहे. जंतू वाढवायला त्यांना खाणे लागते. परदेशात त्यासाठी गाईचे मांस वापरत. इथे ते वापरले तर हिंदू टोचून घेणार नाहीत, डुकराचे वापरले तर मुसलमान घेणार नाहीत, हे हाफकिन यांनी ओळखले. म्हणून त्यांनी बकऱ्याच्या मटणाचे पाणी घेतले आणि त्यावर तुपाचे थेंब सोडले. प्लेगचे जंतू त्या तुपाच्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढत, जशा वडाच्या पारंब्या. अशी पुष्कळ वाढ झाली की ती भांडी तापवून जंतू मारायचे आणि थोडे कार्बोलिक घालायचे. झाली लस. मला वाटते, तुपाचा विचार करणारा शास्त्रज्ञ जितका हुशार, तितकाच कोणाच्या घरात काय चालत नाही याचा विचार करणाराही हुशार.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. पुढे लोकांना देत त्याच्या कितीतरी पट जास्त मात्रा त्यांनी घेतली. कडक ताप आला, पण ते बरे झाले. मग कॉलेजातले काही जण पुढे आले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी आपणहून तयार झाले अशा दीडशेच्या आसपास कैद्यांना टोचले आणि बाकीच्यांना टोचले नाही. दोन्ही गट एकाच तुरुंगात, एकच जेवण, एकच पाणी. टोचलेल्यांमध्ये रोग अगदी थोडा दिसला, न टोचलेल्यांमध्ये माणसे मेली.

इथे कोणी विचारेल की सगळ्यांनाच का नाही टोचले? आम्ही वर्गात लाखोळीचे दाणे दोन डब्यांत पेरले होते, एक डबा उन्हात, एक कपाटात. एकच डबा ठेवला असता तर उन्हाने काय केले ते कळले नसते. दोन सारखे गट घ्यायचे आणि एकाच गोष्टीत फरक ठेवायचा, ही शास्त्राची रीत आहे. तरीही हा भाग वाचताना मला खटकले. कैदी आपणहून तयार झाले असे लिहिले आहे, पण तुरुंगातला माणूस साहेबाला नाही म्हणू शकतो का? आता कैद्यांवर, लहान मुलांवर असे प्रयोग करायला फार कडक नियम आहेत. ते असलेच पाहिजेत.

मुंबईत लोकांचा विश्वास बसायला आगाखानांची मोठी मदत झाली. खोजा समाजाचे हे धर्मगुरू तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे होते. त्यांनी लोकांसमोर स्वतःला टोचून घेतले आणि प्रयोगशाळेला आपला बंगला दिला. मग त्यांच्या समाजातल्या हजारो लोकांनी टोचून घेतले. याच्या उलट पुण्यात काय झाले पाहा. तिथे रँड नावाच्या अधिकाऱ्याने गोरे सोजीर घराघरांत घुसवले. रोगी शोधायचे म्हणून देवघरात, माजघरात बूट घालून शिरायचे, बायामाणसांची तपासणी करायची, सामान जाळायचे. लोक इतके चिडले की २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. रोग तोच, साल तेच. मुंबईत आपल्या माणसाच्या दंडावर सुई दिसली, पुण्यात उंबरठ्यावर बूट दिसला. पुण्याचे लोक मग रोगी लपवू लागले.

उंदीर आणि प्लेग यांचा संबंध थोडक्यात सांगतो. आधी उंदीर पटापट मरत आणि मग माणसे. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा त्याला सोडतात आणि दुसरे गरम अंग शोधतात. त्या पिसवांच्या चाव्यातून जंतू माणसात येतो. हे १८९८ साली सिमोंड या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीला प्रयोग करून दाखवले. पुष्कळ मोठ्या डॉक्टरांनी तेव्हा ते हसण्यावारी नेले.

१८९९ च्या ऑगस्टमध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या गव्हर्नरच्या जुन्या वाड्यात गेली. चार माणसांच्या ओसरीवरून राजवाड्यात! लस लाखोंनी बाहेर जाऊ लागली. ही लस टोचली म्हणजे प्लेग होणारच नाही असे नव्हते, पण मरण पुष्कळ कमी झाले.

आता दुःखाची गोष्ट. पंजाबात मलकोवाल नावाचे गाव आहे, आता ते पाकिस्तानात आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तिथे १०७ लोकांना प्लेगची लस टोचली. त्यांच्यापैकी १९ जणांना काही दिवसांत धनुर्वात झाला आणि ते सगळेच्या सगळे मेले. हे १९ जण एकाच बाटलीतले होते. बाकीच्या बाटल्यांतून ज्यांना टोचले त्यांना काही झाले नाही.

धनुर्वाताचा जंतू मातीत आणि शेणात असतो. लोखंडाचा खिळा टोचला की आपण गंजाला दोष देतो, पण दोष गंजाचा नसून खिळ्याला लागलेल्या मातीचा असतो. मग त्या एका बाटलीत माती कुठून आली? पहिल्या चौकशीत ठपका मुंबईवर, म्हणजे हाफकिन यांच्यावर आला. त्यांनी लस बनवण्याची रीत थोडी बदलली होती, त्यातून हे झाले असे ठरवले गेले. त्यांना कामावरून दूर केले आणि ते इंग्लंडला निघून गेले. पण बारीक तपासात एक गोष्ट निघाली होती. गावात ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो जाळावर धरून शुद्ध न करता नुसता औषधाच्या पाण्यात बुडवून पुन्हा वापरला गेला. शिवाय बाटली मुंबईहून भरून चाळीस दिवस झाले होते. जंतू मुंबईतच शिरले असते तर इतक्या दिवसांत वाढून बाटलीला घाण वास सुटला असता. तसा वास उघडताना आला नव्हता.

हे सगळे माहीत असूनही हाफकिन यांच्यावरचा डाग पुसायला पाच वर्षे लागली. हिवताप डासामुळे होतो हे शोधणारे रोनाल्ड रॉस त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ साली रॉस आणि आणखी नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या वर्तमानपत्रात पत्र छापले. तेव्हा कुठे सरकारने त्यांना निर्दोष ठरवून परत बोलावले. ते आले, पण मुंबईची त्यांची जागा दुसऱ्याला दिलेली होती. ते कलकत्त्याला गेले आणि तिथेही नवे प्रयोग लोकांवर करायची मुभा त्यांना मिळाली नाही. ज्या माणसाने आपल्या दंडावर दोन रोग झेलले त्याच्यावर भरवसा ठेवायला सरकार तयार नव्हते. मला तर याचा राग येतो.

मलकोवालनंतर पंजाबात टोचून घेणारे एकदम कमी झाले. पुढच्या काही वर्षांत तिथे प्लेगने लाखो माणसे गेली. चौथी चिठ्ठी हीच आहे. एका घरी त्रास झाला की सगळा टोला का मागे फिरतो? चितळांच्या कळपात एकाने हाक दिली की सगळे पळतात, वाघ कोणी पाहिला ते विचारत नाहीत. चितळांचे बरोबर आहे. उगीच पळाल्याने त्यांचे थोडे गवत बुडते, न पळाल्याने जीव जातो. माणसाच्या मनातही तो कळप आहे. आणखी एक कारण आहे. सुईने ज्याला त्रास झाला तो दिसतो, रडतो, त्याचे नाव सगळ्या गावाला माहीत असते. सुईमुळे जो वाचला तो दिसत नाही. त्याला रोग झालाच नाही, मग आपण वाचलो हे त्याला तरी कसे कळणार? मलकोवालचे १९ सगळ्या जगाला ठाऊक झाले. मुंबईच्या बाटल्यांमुळे जे जगले ते आपापल्या शेतात काम करीत राहिले, कोणी त्यांची नावे लिहिली नाहीत. आणि मलकोवालचे १९ खरेच मेले होते. त्यांच्या घरच्यांनी सुईला नाव ठेवले तर त्यांना अडाणी कसे म्हणायचे? चिमटा पडला हे त्यांना कोणी वेळेवर सांगितले नाही.

२०२१ साली करोनाची सुई घेऊन गाडी आली तेव्हा आमच्या इकडेही काही घरे कुलूप लावून रानात गेली होती. मग आशाताईने आणि एका आजोबांनी चावडीजवळ सगळ्यांसमोर टोचून घेतले आणि दुसऱ्या दिवशी ते आजोबा बैल घेऊन बांधीवर गेले. त्यानंतर लोक आले. आगाखानांची गोष्ट वाचताना मला तेच आठवले.

हाफकिन १९१४ च्या सुमारास नोकरीतून मोकळे झाले आणि भारत सोडून युरोपात गेले. त्यांनी लग्न केले नव्हते. उतारवयात ते आपल्या धर्माकडे फार वळले आणि साठवलेला पैसा त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू मुलांच्या शिक्षणासाठी ठेवला. ज्या धर्मासाठी तरुणपणी प्राध्यापकाची जागा सोडली त्याला ते शेवटपर्यंत धरून राहिले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. तोपर्यंत तिथून प्लेगच्या लसीच्या अडीच कोटींहून जास्त मात्रा बाहेर गेल्या होत्या. ऑक्टोबर १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावी ते वारले. आता प्लेगवर चांगली औषधे निघाली आहेत आणि हाफकिन यांची ती लस कोणी वापरत नाही.

परळची संस्था मात्र आहे. पोलिओचे थेंब हाफकिनच्या नावाने पुष्कळ वर्षे बनले आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. सर्पदंशावरचे औषधही तिथे पुष्कळ वर्षांपासून बनत आले. रोवणीच्या दिवसांत चिखलात पाय घालणाऱ्या आपल्या आईबाबांना नाग, मण्यार, घोणस काय असतात ते माहीत आहे. साप चावला तर झाडफूक करीत बसू नये, चावलेला भाग हलू न देता दवाखाना गाठावा, कारण औषध तिथल्या बाटलीत आहे. ते औषध घोड्यांच्या रक्तापासून करतात. घोड्याला सापाचे विष अगदी थोडे थोडे टोचतात, त्याचे शरीर ते ओळखायला शिकते, आणि त्याच्या रक्तातला तो गुण काढून बाटलीत भरतात. घोड्याला त्रास होतो का, अशी एक चिठ्ठी पेटीत आताच पडली आहे. भिंतीवर जागा संपली. तिचे उत्तर पुढच्या महिन्यात सहावीचा वर्ग लिहिणार आहे.